जीव कदरी जातो तेव्हा

(नवागाम, सुरत येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या गुरुजींच्या हाताखाली मी पालिकेच्या मराठी शाळेत अकरा वर्षं शिकवलं. पालकसभेची त्यांची एक रीत होती. आईबाप वर्गात आले की आधी माठातलं पाणी द्यायचं आणि विचारायचं, "जेवण झालं का?" मुलाचे गुण, वह्या, हजेरी हे सगळं त्यानंतर. मला तेव्हा ते वेळ घालवणं वाटायचं. बाहेर तीस पालक ताटकळताहेत आणि गुरुजी जेवणाची चौकशी करताहेत! पुढे हळूहळू लक्षात आलं की त्या प्रश्नाला निम्म्या बायका 'नाही' म्हणायच्या. दुपारचे अडीच वाजलेले असायचे.

आज मला त्या न जेवलेल्या बाईबद्दल बोलायचं आहे. तिच्या नवऱ्याबद्दलही बोलेन, पण जरा उशिरा. तो दिवसपाळीला गेला आहे.

व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळाने विषय कळवला, त्या चिठ्ठीत एका तरुण कार्यकर्त्याने 'पॅरेंटल बर्नआउट' असं लिहिलं होतं. शब्द परका, पण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे एक मानसतज्ज्ञ न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात काम करायचे. तिथे मनापासून राबणारी माणसंच काही काळाने विझत जातात असं त्यांनी पाहिलं, आणि त्या विझण्यात ते स्वतःही होते. १९७४ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि या अवस्थेला 'बर्नआउट' म्हटलं. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात हा शब्द घेतला, पण भोवती कुंपण घालून. तो फक्त नोकरीधंद्याच्या कामापुरता वापरायचा. आई होणं, बाप होणं कुंपणाच्या बाहेर. त्याला हजेरीपट नाही, पगार नाही, मग ते काम कसं म्हणायचं?

हे कुंपण ओलांडलं बेल्जियममधल्या दोन संशोधक बायांनी, इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाय्चाक यांनी. त्यांनी शेकडो आईबापांचं ऐकून घेतलं आणि मोजमापाची प्रश्नावली केली. त्यात जे निघालं ते आपल्या गल्लीच्या भाषेत सांगते. सकाळी डोळा उघडला की पहिला विचार येतो, अजून एक दिवस. पूर्वी मुलाला खांद्यावर घेऊन हिंडणारी मी ती हीच का, असं वाटून स्वतःचीच लाज वाटते. आईपण नकोसं होतं. आणि मग हात चालू राहतात, डबा भरला जातो, वेणी घातली जाते, पण मन त्या पोरापाशी नसतं. झोप काढली की जातो तो थकवा निराळा. हा झोपेने जात नाही.

आपल्या खानदेशाच्या अहिराणीत याला शब्द आहे. "मन्हा जीव कदरी गया व माय." पाण्याच्या टाकीपाशी, दळणाच्या चक्कीवर, उधन्याच्या फलाटावर मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल! आपण त्यावर "सगळ्यांचंच तसं आहे" म्हणतो आणि पिठाचा डबा उचलून चालू लागतो. इंग्रजी शब्द आला की डोळे विस्फारतो, आपल्या मायचा शब्द मात्र कुरकुरीत जमा करतो.

माझे यजमान लूमच्या खात्यात फिटर होते. संचाची मोटर जळाली की कारीगर ओरडायचा, "मोटर बळी गई!" शेठचं पहिलं म्हणणं ठरलेलं असायचं: मोटर हलकी निघाली, किंवा कारीगराने नीट वापरली नाही. यजमान ती उघडून बघायचे आणि बऱ्याचदा सांगायचे, एक फेज गेली होती. तीन फेजवर चालणाऱ्या मोटरची एक फेज गेली तर ती लगेच थांबत नाही. हीच खरी पंचाईत आहे. ती चालत राहते, गुरगुरते, उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढते, तापते, आणि मग वाइंडिंग जळाल्याचा वास येतो. बाहेरून बघणाऱ्याला वास येईपर्यंत मोटर चालूच दिसते.

आता माझी गोष्ट. इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितली नव्हती. १९८९ साल. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी दोनची. मी शाळेतून सहाच्या सुमाराला आले. यजमान रात्रपाळीला निघायच्या बेतात. आतून धाकटीचं रडणं ऐकू येत होतं. मी दारापाशी उभी राहिले आणि कडी वाजवली नाही. राग आला नव्हता, रडू येत नव्हतं. ते रडणं दुसऱ्या कुणाच्या तरी घरातलं वाटत होतं, एवढंच. वीस मिनिटं मी नळाच्या कट्ट्यापाशी तशीच उभी होते, खांद्याला वह्यांची पिशवी. समोरच्या खोलीत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातलं कुटुंब राहायचं. त्या बाईला मराठी येत नव्हतं, मला ओडिया येत नव्हतं. तिने मला पाहिलं, काही विचारलं नाही. आमच्या घरात गेली, धाकटीला कमरेवर घेऊन बाहेर आली आणि स्वतःच्या ओटल्यावरची खाट मला हाताने दाखवली. मी तासभर झोपले. यजमान कारखान्यात उशिरा पोचले, त्यांचा खाडा लागता लागता राहिला.

पुढची दोन वर्षं आठवड्यातून दोन संध्याकाळी माझी मुलगी तिच्याकडे असायची. आणि मी तिच्या नवऱ्याचे गंजामला जाणारे मनिऑर्डरचे फॉर्म भरून द्यायची. याला कुणी समुपदेशन म्हणत नाही. पण मी जळाले नाही ते त्या खाटेमुळे.

बेल्जियमच्या त्या बायांचा सिद्धांतही हेच सांगतो, तराजूच्या भाषेत. एका पारड्यात ओझं: मुलांची दुखणी, पैशाची चणचण, एकट्याने सांभाळणं, आपण आदर्शच असलं पाहिजे हा हट्ट. दुसऱ्या पारड्यात आधार: जोडीदाराचा हात, शेजार, विसावा, कुणीतरी ऐकून घेणं. पहिलं पारडं फार काळ खाली राहिलं की माणूस जळतं. त्याच्या चांगुलपणाशी याचा संबंध नाही. उलट, जास्त जीव लावणारा आधी जळतो.

या दोघींनी जगभरच्या सहकाऱ्यांना घेऊन ४२ देशांतल्या १७ हजारांहून अधिक आईबापांची पाहणी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या समाजांत 'ज्याचं त्याने पाहावं' ही रीत घट्ट आहे, तिथे हा थकवा जास्त सापडला. पश्चिमेकडचे सधन देश त्यात पुढे. अमेरिकेत तर ऑगस्ट २०२४ मध्ये तिथले सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी आईबापांच्या ताणावर सरकारी इशारापत्रच काढलं. त्या पत्रात आकडा होता: बहुतेक दिवशी ताण पेलवत नाही असं सांगणारे आईबाप ४८ टक्के, आणि इतर प्रौढांत तसं सांगणारे २६ टक्के.

हे वाचून आपल्यातले काही जण खूश होतील. म्हणतील, बघा, आपली एकत्र कुटुंबपद्धती! मला तेवढं खूश होता येत नाही. आपलं एकत्र कुटुंब आहे, पण ते शिरपूरला, शहाद्याला, पारोळ्याला आहे. इथे नवागाम-डिंडोलीत आहे ती दहा बाय पंधराची खोली, चार माणसं आणि एक मोबाइल. भिंतीला भिंत लागून आहे, गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही, आणि तरी मूल धरायला हात नाही. बेल्जियमचं एकटेपण आपण खानदेशी गर्दीत आणून ठेवलं आहे.

तापी व्हॅलीची रेल्वे १९०० च्या सुमाराला सुरत ते अमळनेर झाली आणि आपली खरी कहाणी त्या रुळांवर सुरू झाली. दुष्काळ पडला की गाडीत बसायचं आणि उधन्याला उतरायचं. वाटेत नवापूरचं स्टेशन लागतं. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि ते स्टेशन मधोमध कापलं गेलं. फलाटावर एक बाकडं आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. लोक तिथे हौसेने फोटो काढतात. मला त्या बाकड्यावर आपली आई बसलेली दिसते. तिची आई, सासू, नणंद, आत्या एका बाजूला राहिल्या. पोरं, भाड्याची खोली, शाळेची फी दुसऱ्या बाजूला. ओझं सगळं गाडीत चढलं, आधार फलाटावर राहिला.

गावाकडे सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. मीही तिथूनच आले आहे. सासुरवास होता, आणि 'आम्ही नाही का काढले दिवस' हे तिथल्या प्रत्येक सासूचं पालुपद होतं. पण त्या जगात विसाव्याला तारीख होती, हे विसरू नका. आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, आठवा. दिवाळीपेक्षा मोठा सण का तो? कारण त्या दिवसांत लेक माहेरी येते. गौराई मांडायची, झोके बांधायचे, गाणी म्हणायची, आणि पोर रडलं तर घ्यायला आजी, मावशी, मामी असे दहा हात. तिने उठायचंसुद्धा नाही. सालदाराचंही साल आखाजीलाच संपतं आणि नवं तिथूनच सुरू होतं. वर्षभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या गड्याच्याही वर्षाला शेवट होता! आपल्या इथल्या आईच्या वर्षाला शेवट कुठे आहे, सांगा. आखाजीला ती गावी जात नाही, कारण उन्हाळ्याच्या लग्नसराईत साडीचं काम जोरात असतं.

जात्याचंही तसंच. जात्याला बहुधा दोघी बसायच्या. खुंट्यावर दोन हात असले की दगड हलका होतो आणि तोंड मोकळं राहतं. ओव्या तिथेच जन्मल्या. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. एवढं बोलून घ्यायचं होतं बायकांना! जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई ऐन तिशीत विधवा झाल्या, पदरात तीन मुलं. शेत आणि घर करत त्या बोलत राहिल्या आणि त्यांचं बोलणं कविता झालं. पिठाची गिरणी आली हे उत्तमच झालं, मला जातं परत नको. पण जात्यासमोरची दुसरी बाई उठून गेली, तिच्या जागी कुणी आलं नाही.

इथली बाई आज काय करते? सकाळी पाणी भरून डबे करते, पोरांना शाळेत सोडते, मग साडीचा गठ्ठा पुढ्यात ओढते. धागे कापायचे, टिकल्या चिकटवायच्या, लेस लावायची. नगावर पैसे. मांडीवर पोर, हातात कात्री. तिला विचारलं काम करता का, तर ती म्हणते, नाही, घरीच असते. कायद्यालाही ती दिसली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सांगितलं, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० कामगारांपासून पुढे. खोलीत एकटी बसून टिकल्या लावणारी बाई कुठल्या आकड्यात बसणार? अंगणवाडी आहे, १९७५ पासून आहे, आणि तिथल्या ताईंचे उपकार आहेतच. पण ती काही तासांची. पाळी बारा तासांची.

आता नवऱ्याकडे येते. बारा तास दिवसपाळी, मग बारा तास रात्रपाळी, अशी आलटून पालटून. रात्रपाळीच्या आठवड्यात तो दिवसा त्याच एका खोलीत झोपतो. पोरांना दिवसभर एकच वाक्य ऐकू येतं, "शूऽऽ, पप्पा झोपलेत." मी चौथीच्या वर्गाला 'माझे बाबा' असा निबंध दिला होता. एका मुलाने लिहिलं, माझे बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात. पुढे त्याला काही सुचलं नव्हतं. तो बाप वाईट नव्हता. महिन्यातून एका रविवारी तो त्या मुलाला चौपाटीवर न्यायचा. पण त्याच्याही आतली मोटर दोन फेजवर चालली होती, आणि पुरुषाने 'जीव कदरला' म्हणायची आपल्याकडे सोय नाही. तो म्हणत नाही. तो राज्यात दारूबंदी असूनही पिण्याची वाट शोधतो, किंवा पोरावर हात टाकतो.

तरीही मला पुरुषांना एक हिशेब दाखवायचा आहे, राग मानू नका. २०१९ मध्ये सरकारने देशभर वेळेचा वापर मोजला. बिनपगारी घरकामात दिवसाला भाग घेणाऱ्या बायका ८१ टक्के निघाल्या, पुरुष २६ टक्के. जे करतात त्यांत बाईची रोज २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं, तर बाईची २८९ झाली होती. पाच वर्षांत देशाने बाईला दहा मिनिटं दिली.

यात भर शाळांची. आपल्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू, इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. या शहराचं हे मोठेपण मी बाहेर कुठेही अभिमानाने सांगते. पण आईबापांना खासगी इंग्रजी शाळेची ओढ लागली आहे. सातवीपर्यंत मराठी शिकलेली आई, घरात अहिराणी, गल्लीत गुजराती आणि हिंदी, आणि संध्याकाळी मोबाइलवर इंग्रजीत गृहपाठ येतो. एका शाळेत, नाव घेत नाही, अशाच एका आईला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं की घरी लक्ष दिलं जात नाही. ती माझी जुनी विद्यार्थिनी. रडत माझ्याकडे आली. म्हणाली, "टीचर, मी रात्री बारापर्यंत बसते, मला वाचताच येत नाही ते." त्या शाळेला कुणी 'जेवण झालं का' विचारायला शिकवायला हवं होतं.

अपेक्षांचा हा डोंगर सगळाच बाहेरून आलेला नाही, काही आपण घरात पूजला आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवायचे, छात्रालयातल्या मुलांचं सगळं करायचे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. आम्हा अमळनेरकरांना त्या पुस्तकाचा अंमळ जास्तच अभिमान. मी ते वर्गात कितीदा वाचून दाखवलं असेल याची गणती नाही, आणि वाचताना दर वेळी माझाही आवाज अडकला आहे. पण निवृत्त झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा निराळंच दिसलं. ती आई कर्जाने, कामाने, तापाने झिजत झिजत मरते, आणि तिची बहीण मदतीला येते ती शेवटच्या दुखण्यात. सखूमावशी दोन वर्षं आधी आली असती तर? आम्ही त्या पुस्तकातून सोसणं उचललं आणि मावशी वाचायची विसरलो. मराठी घरातली आई स्वतःला श्यामच्या आईशेजारी उभी करून मोजते आणि रोज कमी भरते. विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ होते. हजारो आया आणि मुलं पाहिल्यावर त्यांनी १९५३ मध्ये लिहिलं ते 'पुरेशा चांगल्या' आईबद्दल. मुलाला तेवढी पुरते. उलट आई जरा जरा चुकते, उशीर करते, तेव्हाच पोर जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. टिकल्या लावून दमलेल्या बाईने भाजी न करता खिचडी टाकली, तर ती पुरेशी चांगली आई आहे.

आपण ज्या राज्यात राहतो तिथे शंभर वर्षांपूर्वी हे एकाने ओळखलं होतं. गिजुभाई बधेका, व्यवसायाने वकील. मुलगा झाला आणि ते बालशिक्षणाकडे वळले. १९२० मध्ये त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. आईबापांसाठी त्यांनी पुस्तकं लिहिली, त्यातल्या एकाचं नावच 'माबाप थवुं आकरुं छे', आईबाप होणं अवघड आहे. आईबापांना दोष देणं किती सोपं होतं, पण त्यांनी आधी अवघडपण मान्य केलं. त्यांच्याकडे एक मराठी बाई येऊन मिळाली, ताराबाई मोडक. पुढे १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, मग कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. सुरतेहून मुंबईच्या गाडीत बसलात तर घोलवड स्टेशन लागतं, तोच भाग. आदिवासी पाड्यांतली मुलं शाळेत येईनात. का? थोरली बहीण धाकट्याला सांभाळते, थोरला भाऊ गुरं राखतो. ताराबाईंनी पालकांची बोलणी काढली नाहीत. त्या शाळाच पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या, गुरांमागच्या मुलांसाठी कुरणात घेऊन गेल्या. आणि 'विकासवाडी' या त्यांच्या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकत्र जोडली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. तिचे हात मोकळे झाले म्हणून तिच्या हातात पाटी आली. मला विचाराल तर या विषयावरचं सगळ्यात शहाणं मराठी काम हे आहे, आणि त्यात उपदेशाचं एक वाक्य नाही.

उपदेशाचा मला आता खरोखर वीट आला आहे. सकाळी उठून ध्यान करा, स्वतःसाठी वेळ काढा, छंद जोपासा. कुठून काढा? कोनाड्यातून? जिला न्हाणीघराच्या दाराला कडी लावून पाच मिनिटं एकटं बसता येत नाही, कारण बाहेर घरमालकाची सून बादली घेऊन उभी आहे, तिला छंद सांगायचा? तिला द्यायचे ते दोन तास, तेही दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी.

एक साधी गोष्ट मात्र आधी करा. रक्त तपासून घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं, गुजरातेत ६५ टक्के. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या बाईला आपण आळशी म्हणतो, चिडकी म्हणतो, आणि आता नवा शब्द मिळाला म्हणून बर्नआउटही म्हणू. थायरॉइडही बघा. पालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारा. आपले गुरुजी 'जेवण झालं का' असं उगाच नव्हते विचारत.

आणि एक गोष्ट जपून सांगायची. हा थकवा वाढत गेला की सगळं टाकून निघून जावं असं मनात येतं. कुणाला जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं. जो हात कधी उठला नाही तो पोरावर उठतो. संशोधनातही हेच दिसलं आहे. असं वाटणाऱ्या माणसाला 'आई असून असं बोलतेस?' म्हणू नका, त्या एका वाक्याने ती पुन्हा कधीच बोलणार नाही. तिच्याजवळ बसा, तिला एकटं सोडू नका आणि १४४१६ हा नंबर लावा. टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, आणि मराठीतही बोलता येतं.

बरं होता येतं का? येतं. बेल्जियममध्येच थकलेल्या आईबापांचे छोटे गट करून आठ आठवडे बसवलं. काही गटांना काय करावं ते पद्धतशीर शिकवलं, काही गटांत नुसतं ऐकून घेतलं. दोन्हीकडे थकवा उतरला, मुलांवरचा राग आणि दुर्लक्ष कमी झालं. केसात साठणारं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं रसायन, तेसुद्धा उतरलेलं मोजून दिसलं. नुसतं ऐकून घेण्यानेही! जात्याच्या दुसऱ्या बाजूला बाई परत येऊन बसली, आणखी काय?

आपल्याला हात जमवता येत नाहीत असं नाही. श्रावणात कानबाई बसते तेव्हा याच गल्ल्यांत बघा. गावाहून भाऊकी येते, कुणी गहू निवडतं, कुणी रोट करतं, कुणी मांडव घालतं, आणि त्या दोन दिवसांत कुठल्याही घरातलं पोर कुणाच्याही कडेवर असतं. कुणी विचारत नाही हे कुणाचं. सोमवारी विसर्जन झालं की आपण दारं लावून घेतो. देवीसाठी चाळीस हात निघतात, तर पुढच्या रविवारी एका दमलेल्या बाईसाठी चार का निघू नयेत?

मंडळाशी मी बोलून ठेवलं आहे. हे सभागृह दर रविवारी सकाळी दहा ते बारा रिकामं असतं. सतरंजी आहे, पंखे आहेत, पाण्याचा माठ आहे. मी येईन, माझ्या दोन निवृत्त मैत्रिणी येतील. मुलांना इथे सोडा आणि घरी जाऊन झोपा, नाहीतर टेरेसवर बसून बोला, काहीही करा, फक्त त्या दोन तासांत साडीचा गठ्ठा उघडू नका. ज्यांच्या घरी दिव्यांग मूल आहे त्यांनी आधी यावं, त्यांना सुट्टी कधीच मिळत नाही.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. डाव्या रकान्यात मुलं सोडणाऱ्यांची नावं, उजव्यात सांभाळायला येणाऱ्यांची. पुरुषांनी कृपा करून उजवा रकाना भरावा. आणि जाता जाता शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारून जा, जेवण झालं का.